अमेरिकेतील गावाशहरांच्या जुन्या छायाचित्रांचे साल आणि ठिकाण कसे ओळखावे

विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या, म्हणजे ढोबळमानाने १९३५ ते १९६५ या तीस वर्षांतल्या, अमेरिकी रस्त्यांची, चौकांची आणि दुकानांची छायाचित्रे आज फार मोठ्या संख्येने पाहायला मिळतात. मात्र त्यांतली पुष्कळशी साल आणि ठिकाण हरवून बसलेली असतात. ‘पन्नाशीच्या दशकातील एक अमेरिकी शहर’ एवढ्या मथळ्यावर पाहणाऱ्याची बोळवण होते, आणि तो मथळाही बरेचदा अंदाजानेच चिकटवलेला असतो. वास्तविक अगदी साध्या रस्त्याच्या छायाचित्रातही इतका तपशील असतो की साल दोन-तीन वर्षांच्या आत आणि ठिकाण नेमक्या चौकापर्यंत सांगता येणे शक्य असते. त्यासाठी एक चांगले भिंग, थोडा धीर आणि कोणता पुरावा किती भरवशाचा याचे भान लागते.

या शेवटच्या गोष्टीबद्दल माझे मत आधीच नोंदवतो. लोकांच्या आवडीनिवडीनुसार बदलणाऱ्या गोष्टी सावकाश बदलतात आणि प्रत्येक गावात वेगळ्या वेळी बदलतात. कायद्याने किंवा सरकारी आदेशाने बदललेल्या गोष्टीला मात्र तारीख असते. म्हणून टोप्या, झगे आणि केशरचना पाहून साल ठरवण्याचा मोह आवरावा, आणि टपालाचा दर, मोटारींच्या नंबरप्लेट, रस्त्यावरच्या पाट्या, ध्वजावरचे तारे यांच्याकडे आधी पाहावे. पोशाखाचा उपयोग फार तर ऋतू ओळखायला होतो. छोट्या गावातली मध्यमवयीन माणसे दहा-दहा वर्षे तोच कोट वापरत असत.

आधी वस्तू, मग चित्र

मूळ छायाचित्र हाती असेल तर चित्राकडे वळण्यापूर्वी त्या वस्तूचीच नीट तपासणी करावी. निगेटिव्ह आणि स्लाइड कडेने धराव्यात, आणि प्रिंटच्या पाठीवर शाईच्या पेनाने काहीही लिहू नये. लिहायचेच झाल्यास मऊ शिसपेन्सिलने, कडेला, दाब न देता लिहावे. साठवणीसाठी पीव्हीसीची पाकिटे टाळून पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्यावीत. जुन्या निगेटिव्हबाबत एक इशारा आवश्यक आहे. १९५० च्या सुमारापर्यंतच्या काही फिल्म नायट्रेटच्या असत आणि त्या भडकन पेट घेतात. कडेला ‘सेफ्टी’ हा शब्द छापलेला नसेल आणि फिल्म पिवळी किंवा चिकट झाली असेल, तर ती स्कॅनरच्या काचेवर ठेवण्याऐवजी एखाद्या अभिलेखागारातील जाणकाराला दाखवावी. ‘सेफ्टी’ फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला असेल, तर ॲसिटेटचे विघटन सुरू झाले आहे असे समजावे. अशी फिल्म इतरांपासून वेगळी काढावी आणि सर्वांत आधी तिचेच स्कॅनिंग उरकावे.

कागदी प्रिंटची पाठ आणि कडा बरेच काही सांगून जातात. नक्षीदार, कातरल्यासारखी कड असलेले छोटे कृष्णधवल फोटो तिसाव्या दशकापासून पन्नासाव्या दशकापर्यंत भरपूर निघाले. पुढे प्रयोगशाळा पांढऱ्या समासात महिना आणि साल छापू लागल्या. ही तारीख प्रिंट काढल्याची असते, फोटो टिपल्याची नव्हे, आणि कॅमेऱ्यात अर्धा रोल महिनोन्‌महिने पडून राहणे ही तेव्हाची सर्रास गोष्ट होती. कागद अतिनील दिव्याखाली धरला असता निळसर पांढरा चमकला, तर त्यात शुभ्रता वाढवणारी रसायने आहेत आणि तो बहुधा १९५० नंतरचा आहे. कागद चमकला नाही म्हणून तो जुनाच, असा उलटा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. पोलरॉइडचा झटपट कॅमेरा १९४८ च्या नोव्हेंबरात बॉस्टनमध्ये प्रथम विक्रीला आला आणि त्याची रंगीत फिल्म १९६३ मध्ये आली, हे दोन आकडे लक्षात ठेवले तरी पोलरॉइडची खालची सीमा आपोआप ठरते. कोडॅकचा इन्स्टामॅटिकही १९६३ चाच.

रंगीत स्लाइडमध्ये कोडॅक्रोमचा मान मोठा आहे. ती ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठी १९३६ पासून मिळू लागली, आणि अंधारात नीट ठेवलेल्या कोडॅक्रोमचे रंग आजही टवटवीत असतात. त्याच काळातल्या एक्टाक्रोम किंवा ॲन्स्कोच्या स्लाइड पुष्कळदा गुलाबी-जांभळ्या पडलेल्या आढळतात. तेव्हा रंग उडाला आहे म्हणजे छायाचित्र अधिक जुने आहे, असे मानणे चूक ठरते. स्लाइडची पुठ्ठ्याची चौकट जपून ठेवावी. १९५४ पर्यंत कोडॅक्रोमच्या किमतीतच धुलाईचा खर्च धरलेला असे आणि फिल्म धुवायला कोडॅककडेच जाई. त्या साली झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर दुसऱ्या प्रयोगशाळांना हा व्यवसाय खुला झाला. त्यामुळे अमेरिकेत काढलेली कोडॅक्रोम त्रयस्थ प्रयोगशाळेच्या नावाच्या चौकटीत असेल, तर तो बहुधा त्यानंतरचा काळ. पन्नाशीच्या उत्तरार्धापासून चौकटीवर धुलाईचा महिना आणि साल उमटवलेले सापडू लागतात.

स्कॅन करताना ३५ मिलिमीटरच्या स्लाइडला ३००० ते ४००० पीपीआय (म्हणजे दर इंचाला तितके बिंदू) आणि कागदी प्रिंटला ६०० पीपीआय ठेवून टिफ स्वरूपात जतन करावे. स्कॅनरमधली अवरक्त किरणांनी धूळ पुसण्याची सोय कोडॅक्रोमसाठी आणि चांदीच्या कृष्णधवल फिल्मसाठी बंद ठेवावी. ती चित्रातला तपशीलच धूळ समजून खरवडते, आणि नेमकी दुकानाच्या पाटीवरची अक्षरे बिघडतात. स्लाइड उलटी तर लागली नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे. पाटीवरची अक्षरे दिसत नसतील तर मोटारींचे सुकाणू पाहावे: ते डाव्या बाजूला आणि वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने असली पाहिजे.

पोस्टकार्डांचे वेगळे शास्त्र

पोस्टकार्डे हा या विषयातला सर्वांत समृद्ध भाग आहे. ज्या गावाचा एकही फोटो कुठे सापडत नाही, त्या गावाच्या मुख्य रस्त्याचे पोस्टकार्ड हमखास सापडते. तिसाव्या दशकाच्या आरंभापासून महायुद्ध संपेपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षे कापडासारखा पोत असलेली, भडक रंगांची ‘लिनन’ कार्डे जोरात होती. १९३९ पासून गुळगुळीत, रंगीत छायाचित्रावरून छापलेली ‘क्रोम’ कार्डे आली आणि युद्धानंतर त्यांनी लिननची जागा घेतली.

शिकागोच्या कर्ट टाइख कंपनीच्या लिनन कार्डावर बारीक अक्षरांत छापलेला क्रमांक शोधावा. त्यातला पहिला अंक सालाचा आणि त्यानंतरचे रोमन अक्षर दशकाचे असते: ए म्हणजे तिसावे दशक, बी म्हणजे चाळिसावे, सी म्हणजे पन्नासावे. ‘७ए’ने सुरू होणारे कार्ड १९३७ चे आणि ‘५बी’ने सुरू होणारे १९४५ चे. हे साल अर्थात छपाईचे असते. या कार्डांसाठी कृष्णधवल फोटो घेऊन कारागीर त्यावर रंग चढवीत, विजेच्या तारा आणि खांब पुसून टाकीत, रस्ता स्वच्छ करीत आणि आकाश हवे तसे रंगवीत. म्हणून लिनन कार्डावर एखाद्या इमारतीचा रंग पाहून ती तशीच होती असे लिहू नये, आणि ‘तारा दिसत नाहीत, म्हणजे ट्राम नव्हती’ असा तर्क कदापि करू नये. या कंपनीचा संग्रह आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे.

कार्ड टपालात पडलेले असेल तर काम अधिक सोपे होते, शिक्का पुसट असला तरीही. पोस्टकार्डाचा दर १९५१ च्या अखेरपर्यंत १ सेंट होता. १ जानेवारी १९५२ पासून तो २ सेंट, ऑगस्ट १९५८ पासून ३ सेंट आणि जानेवारी १९६३ पासून ४ सेंट झाला. पत्त्याची रचनाही बोलकी असते. मोठ्या शहरांच्या नावानंतर एक-दोन अंकी विभाग क्रमांक १९४३ मध्ये आला, म्हणजे ‘शिकागो ११, इलिनॉय’ अशी रचना त्यानंतरची. पाच अंकी झिप कोड १ जुलै १९६३ रोजी सुरू झाला. हीच कसोटी फोटोत दिसणाऱ्या फलकांना आणि प्रयोगशाळेच्या शिक्क्यांनाही लावता येते.

‘याआधीचे नाही’ आणि ‘यानंतरचे नाही’

आता प्रत्यक्ष चित्र. कालनिश्चितीत एका आकड्याच्या मागे न लागता दोन सीमा शोधाव्यात. चित्रात दिसणारी सर्वांत नवी गोष्ट खालची सीमा ठरवते, कारण जी वस्तू अजून तयारच झाली नव्हती ती फोटोत येऊ शकत नाही. वरची सीमा नंतर पाडलेल्या इमारतीवरून, उखडलेल्या रुळांवरून, बदललेल्या पाटीवरून ठरते. वरच्या सीमेचा पुरावा स्वभावतःच दुबळा असतो, कारण जुन्या गोष्टी मुदतीनंतरही रेंगाळतात. आणि ‘अमुक गोष्ट दिसत नाही’ हा तर त्याहून दुबळा.

मोटारी बहुतेक रस्त्यांवर असतातच, म्हणून सुरुवात तिथूनच होते. रांगेतली सर्वांत नवी मोटार कोणती एवढेच ठरवावे; बाकीच्या जुन्या मोटारींवरून फार तर गावाच्या सांपत्तिक स्थितीचा अंदाज येतो. १९४० च्या मॉडेलपासून पुढचे दिवे सगळीकडे एकाच मापाचे, सीलबंद काचेचे झाले. फेब्रुवारी १९४२ मध्ये युद्धामुळे खासगी मोटारींचे उत्पादन थांबले ते १९४५ च्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झाले, आणि १९४६ ते १९४८ ची बरीचशी मॉडेले युद्धापूर्वीच्याच साच्यातली निघाली. त्यामुळे या आठ-नऊ वर्षांतला रस्ता एकसारखा दिसतो आणि इथेच सर्वाधिक चुका होतात. १९४९ ची फोर्ड सपाट, सलग बाजूंमुळे चटकन ओळखू येते. त्याच वर्षापासून ब्यूइकच्या पुढच्या चाकांवरील पत्र्यावर, म्हणजे फेंडरवर, गोल भोके दिसू लागतात. १९५० आणि १९५१ ची स्टुडबेकर विमानाच्या नाकासारख्या तोंडामुळे लपत नाही. मागचे उंच पंख कॅडिलॅकवर १९४८ मध्ये लहान स्वरूपात आले आणि १९५९ मध्ये सर्वांत उंच झाले. पुढे चार दिवे, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन-दोन, असलेली मोटार १९५७ मध्ये तुरळक आणि १९५८ मध्ये सर्वत्र दिसते. तोवर अनेक राज्यांच्या कायद्यांत दोनच दिव्यांची मुभा होती. एक गोष्ट विसरू नये: नव्या सालाचे मॉडेल आदल्या वर्षीच्या शरद ऋतूतच दुकानात येत असे, म्हणून १९५९ ची मोटार १९५८ च्या ऑक्टोबरातल्या फोटोत असणे अगदी स्वाभाविक आहे.

मोटार ओळखल्यावर नजर तिच्या नंबरप्लेटवर न्यावी. बहुतेक राज्यांत प्लेट किंवा निदान तिच्यावरची पट्टी दरवर्षी बदलत असे आणि तिच्यावर साल छापलेले असे. भिंगाखाली दोन अंक वाचता आले तर काम फत्ते. अंक न वाचता आले तरी गडद जमिनीवर फिकी अक्षरे की फिक्या जमिनीवर गडद, एवढे कळले तरी त्या राज्याच्या प्लेटच्या तक्त्याशी ताडून पर्याय निम्म्यावर येतात. कॅलिफोर्नियात १९५६ पासून पिवळ्यावर काळी अक्षरे होती आणि १९६३ पासून काळ्यावर पिवळी, म्हणजे कृष्णधवल फोटोतही हा फरक लपत नाही. युद्धकाळात पत्रा वाचवण्यासाठी इलिनॉयने १९४३ पासून काही वर्षे सोयाबीनपासून केलेल्या पुठ्ठ्यासारख्या प्लेट वापरल्या, असेही चमत्कार अधूनमधून भेटतात. १९५६-५७ च्या सुमारास देशभर ६ बाय १२ इंचांचे एकच माप रूढ झाले. त्याआधी मापे वेगवेगळी होती. विंडशील्डच्या कोपऱ्यात ए, बी किंवा सी असे मोठे अक्षर असलेला चौकोनी कागद दिसला, तर तो पेट्रोलच्या रेशनिंगचा आहे: पूर्व किनाऱ्यावर मे १९४२ पासून, देशभर डिसेंबर १९४२ पासून आणि ऑगस्ट १९४५ पर्यंत. कागद लगेच खरवडला गेला असेलच असे नाही, पण मोटार युद्ध पाहून आलेली आहे हे त्यातून नक्की कळते.

आदेशाने बदललेल्या गोष्टींत माझी सर्वांत आवडती आहे ती अष्टकोनी ‘स्टॉप’ची पाटी. १९५४ पर्यंत प्रमाण पाटी पिवळी आणि तिच्यावरची अक्षरे काळी होती. त्या वर्षी राष्ट्रीय नियमावलीत लालवर पांढरी अक्षरे आली. याचा अर्थ कृष्णधवल छायाचित्रातही रंग ‘वाचता’ येतो: फिक्या पाटीवर गडद अक्षरे असतील तर पिवळी, गडद पाटीवर पांढरी असतील तर लाल. जुन्या पाट्या बदलायला गावांनी पुढे बरीच वर्षे घेतली, आणि काही ठिकाणी लाल पाट्या आधीही होत्या. म्हणून पिवळ्या पाटीवरून वरची सीमा ओढू नये, परंतु लाल पाटी दिसल्यास १९५४ च्या आधी जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

ध्वजाचेही तसेच. ४ जुलै १९५९ पर्यंत ४८ तारे होते आणि ते ८ च्या ६ सरळ ओळींत असत. त्यानंतर वर्षभर ४९, आणि ४ जुलै १९६० पासून ५० तारे. तारे मोजता आले नाहीत तरी रचना उभ्या-आडव्या जाळीसारखी आहे की एकाआड एक सरकलेली, हे पुष्कळदा दिसते. ४९ ताऱ्यांचा ध्वज एकच वर्ष होता, त्यामुळे तो सापडला तर अक्षरशः घबाड.

इतर खुणा थोडक्यात घेतो. पार्किंग मीटर जुलै १९३५ च्या आधीचा असू शकत नाही, कारण पहिला ओक्लाहोमा सिटीमध्ये तेव्हा बसला. आंतरराज्य महामार्गाचा कायदा जून १९५६ चा आणि त्याची लाल-निळी ढाल १९५७ ची. छपरांवर दूरचित्रवाणीचे अँटेना दिसणे हा चांगला पुरावा आहे, पण त्याचे साल गावागणिक बदलते: केंद्र सरकारने १९४८ ते १९५२ या काळात नव्या केंद्रांना परवानगी देणे थांबवले होते, त्यामुळे डेन्व्हर किंवा ओरेगनमधले पोर्टलंड अशा मोठ्या शहरांनाही १९५२ उजाडेपर्यंत स्वतःचे केंद्र मिळाले नाही. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांचे निवडणूक फलक तर थेट साल सांगतात: विल्की १९४०, ड्यूई १९४४ किंवा १९४८, स्टीव्हन्सन १९५२ किंवा १९५६. चित्रपटगृहाच्या दर्शनी फलकावरील नाव खालची सीमा देते, परंतु छोट्या गावात चित्रपट मोठ्या शहरानंतर कितीतरी महिन्यांनी पोहोचत असे. दक्षिणेकडील राज्यांच्या छायाचित्रांत प्रतीक्षागृहांवर, नळांवर आणि दारांवर वर्णभेदाच्या पाट्या दिसतात. अशा ठिकाणांवरील सक्तीच्या विभक्तीला जुलै १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने बंदी घातली. अशी पाटी कडेला असली तरी ती कापून चित्र ‘सुंदर’ करणे हे पुराव्याशी आणि त्या माणसांशीही बेइमानी करणे होय.

ठिकाण शोधताना

नावाची पाटी नसलेल्या गावात सर्वांत आधी पाण्याची टाकी, धान्याचे उंच कोठार आणि रेल्वे स्थानकाची टोकाची भिंत पाहावी. गावाचे नाव लिहिण्याच्या या नेहमीच्या जागा. त्यानंतर महामार्गाच्या क्रमांकाची ढाल. १९६१ पर्यंतच्या प्रमाण ढालीवर क्रमांकाच्या वर राज्याचे नाव लिहिलेले असे, म्हणजे एका छोट्या पाटीतून राज्य आणि रस्ता दोन्ही मिळतात. पुढे फक्त त्या रस्त्यावरची गावे नकाशात तपासत जायची. नंबरप्लेटवरूनही जिल्ह्यापर्यंत, म्हणजे तिथल्या काउंटीपर्यंत, पोहोचता येते: नेब्रास्कात त्या काळी प्लेटचा पहिला आकडा काउंटीचा असे, त्यात १ म्हणजे ओमाहाची डग्लस काउंटी आणि २ म्हणजे लिंकनची लँकेस्टर. एखादी मोटार परगावची असू शकते. रांगेतल्या चार-पाच प्लेटवर तोच आकडा असेल तर शंका उरत नाही.

पेट्रोल पंपाचे नावही प्रदेश सांगते, कारण १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइलचे तुकडे झाल्यावर तिच्या वारसदार कंपन्यांनी आपापले प्रांत धरले होते. सोहायो दिसले तर ओहायो, एस्सो दिसले तर बहुधा पूर्वेकडचे राज्य. किराणा दुकानांचेही तसेच: पब्लिक्स फ्लोरिडाचे आणि एच-ई-बी टेक्ससचे. वूलवर्थची लाल पट्टी किंवा रेक्सॉलचे औषधांचे दुकान मात्र देशभर असल्यामुळे त्यांचा या कामी उपयोग नाही. खरी किल्ली आहे ती स्थानिक नावाची. एखाद्या फर्निचरच्या किंवा बुटांच्या दुकानाच्या पाटीवरचे आडनाव आणि शेजारचा घर क्रमांक एवढे हाती आले की त्या शहराची वार्षिक निर्देशिका उघडावी; त्यांतल्या अनेकींत नावांप्रमाणे आणि रस्त्यांप्रमाणे अशा दोन याद्या असतात, त्यामुळे दुकान कोणत्या वर्षी त्या पत्त्यावर आले आणि कोणत्या वर्षी गेले, दोन्ही कळते. कालनिश्चितीची वरची सीमा इथेच सर्वांत खात्रीने मिळते. आगविम्यासाठी काढलेले सॅनबॉर्नचे नकाशे याला पूरक आहेत: विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी आणि दगडी निळी अशी त्यांची खूण असून प्रत्येक इमारतीचे मजले आणि वापर त्यांत दिलेला असतो.

संभाव्य चौक सापडला की आजच्या दृश्याशी तुलना करताना दुकानांच्या तळमजल्याकडे दुर्लक्ष करावे. पन्नाशी-साठीत असंख्य दुकानांनी दर्शनी भाग ॲल्युमिनियमने आणि रंगीत काचेने झाकून टाकले, त्यामुळे तळमजला ओळखीचा राहत नाही. वरच्या मजल्यांवरच्या खिडक्यांची संख्या, कमानींचा आकार आणि छपराखालची कोरीव पट्टी सहसा टिकते. त्यांवरच मिळणी करावी. सावल्याही उपयोगी पडतात: या अक्षांशांवर दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो, म्हणून ऐन दुपारी उन्हाने न्हाललेली रांग उत्तरेच्या बाजूची असते. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर शहरांच्या नूतनीकरणाच्या नावाखाली चौकच्या चौक जमीनदोस्त झाले. तिथे जुळण्यासारखे काही उरलेलेच नसते, आणि मग नकाशांशिवाय गत्यंतर नाही.

मोठ्या शहरांत क्षितिजरेषाच दिनदर्शिकेचे काम करते. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात थर्ड अव्हेन्यूवरची उन्नत रेल्वे मे १९५५ मध्ये बंद झाली आणि पेन स्टेशनची पाडापाडी ऑक्टोबर १९६३ मध्ये सुरू झाली. सेंट लुइसची कमान ऑक्टोबर १९६५ मध्ये जुळली, सिॲटलची स्पेस नीडल १९६२ ची. लॉस एंजेलिसच्या डोंगरावर ‘हॉलीवूडलँड’ अशी पूर्ण पाटी दिसली तर तो फोटो १९४९ नंतरचा नाही. ट्रामबाबत थोडे जपून: शिकागोची शेवटची ट्राम जून १९५८ मध्ये धावली, वॉशिंग्टनची जानेवारी १९६२ मध्ये; पण मॅनहॅटनमध्ये आणि वॉशिंग्टनच्या मध्यभागी ट्रामला वीज जमिनीखालून मिळत असे, त्यामुळे डोक्यावर तारा नसणे हा तिथे पुरावाच नव्हे.

एक चित्र जवळून

समजा, एक स्लाइड हाती आली आहे. मुख्य रस्त्यावर नाताळची तोरणे टांगली आहेत, रस्ता ओला आहे, टपाल कचेरीसमोरच्या ध्वजावर ताऱ्यांची सरळ जाळी दिसते, आणि अग्रभागी एक शेव्हरोले पाठमोरी उभी आहे. तिचे मागचे पंख वर न जाता आडवे पसरलेले असून त्यांखाली मांजराच्या डोळ्यांसारखे दिवे आहेत. ही १९५९ च्या मॉडेलची खूण. म्हणजे खालची सीमा १९५८ चा शरद ऋतू. तोरणे म्हणतात की नोव्हेंबरअखेर ते जानेवारीचा आरंभ. ध्वज १९५९ च्या जुलैपूर्वीचा असला तरी तो बदलायला उशीर झाला असू शकतो, म्हणून डिसेंबर १९५९ ची शक्यता अजून खोडता येत नाही. भिंग प्लेटवर नेल्यावर कोपऱ्यात ‘५८’ वाचता येते. आता डिसेंबर १९५८ हे उत्तर भक्कम झाले. स्लाइडच्या चौकटीवर ‘मार्च १९५९’ असा धुलाईचा ठसा असेल तर त्याने काही बिघडत नाही. उरलेला रोल पुढच्या दोन महिन्यांत संपला असणार. नोंद करताना ‘डिसेंबर १९५८’ एवढेच न लिहिता मोटार, तोरणे, ध्वज आणि प्लेट ही चारही कारणे लिहावीत, आणि जे दिसले ते व जे अनुमानले ते वेगवेगळ्या ओळींत ठेवावे, म्हणजे पुढे कोणी एक कारण खोडले तरी बाकीचे शाबूत राहते.

तुलनेसाठी संग्रह आणि वापराचे हक्क

नजर तयार करायची असेल तर साल-ठिकाण पक्के असलेली चित्रे भरपूर पाहावीत. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयातील फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन आणि युद्ध माहिती कार्यालयाचा संग्रह ही त्यातली पहिली पायरी: रॉय स्ट्रायकर यांच्या देखरेखीखाली १९३५ ते १९४४ या काळात वॉकर एव्हान्स, डोरोथिआ लँग, रसेल ली, मॅरियन पोस्ट वोल्कॉट, जॉन व्हॅशन, गॉर्डन पार्क्स आदींनी टिपलेली सुमारे १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्ह आणि १,६०० च्या आसपास रंगीत पारदर्शिका त्यात आहेत. काही निगेटिव्हच्या मधोमध काळे वर्तुळ दिसते. ते स्ट्रायकर यांनी नापसंत निगेटिव्हला पाडलेले भोक आहे, छपाईचा दोष नव्हे. इंडियाना विद्यापीठातील चार्ल्स कुशमन यांचा संग्रह मला याहून अधिक उपयोगाचा वाटतो: १९३८ ते १९६९ मधल्या सुमारे १४,५०० कोडॅक्रोम स्लाइड, आणि सोबत त्यांनी स्वतः ठेवलेल्या तारीखवार वह्या. न्यूयॉर्कच्या महापालिका अभिलेखागारात १९३९ ते १९४१ या काळात करआकारणीसाठी पाचही विभागांतल्या इमारतींचे काढलेले फोटो आहेत, त्यांत ब्लॉक आणि लॉटचा क्रमांक लिहिलेली पाटीही फ्रेममध्येच धरलेली दिसते.

आंतरजालावर मथळ्यासकट फिरणारे चित्र हाती आले तर प्रतिमाशोध करून आधी त्याचे मूळ गाठावे आणि ग्रंथालयाच्या पानावरील निगेटिव्ह क्रमांक नोंदवावा. नंतर रंगवलेल्या प्रतींवरून पाट्यांचे किंवा प्लेटचे रंग ठरवू नयेत; ते रंग आजच्या माणसाने किंवा यंत्राने कल्पिलेले असतात. यंत्राने बनवलेली बनावट ‘जुनी’ चित्रेही आता फिरतात. त्यांत पुष्कळदा दुकानांवरची लहान अक्षरे निरर्थक असतात आणि मोटारी कोणत्याच वर्षाच्या मॉडेलशी जुळत नाहीत.

हक्कांबाबत गैरसमज फार आहेत. संघराज्य सरकारच्या नोकरीत असताना टिपलेली चित्रे, म्हणजे वरचा काँग्रेस ग्रंथालयातला संग्रह, मुक्त वापराला खुली आहेत. जुन्या बाजारात विकत घेतलेल्या कुटुंबाच्या स्लाइडची गोष्ट निराळी: वस्तू आपली झाली तरी तिचा कॉपीराइट आपला होत नाही. अप्रकाशित छायाचित्राला छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे, आणि तो अज्ञात असेल तर निर्मितीपासून १२० वर्षांपर्यंत संरक्षण असू शकते. त्या काळी प्रसिद्ध झालेल्या चित्राचे हक्क मात्र कॉपीराइटची सूचना छापली होती का आणि २८ वर्षांनी नूतनीकरण झाले होते का यावर अवलंबून असतात. १९६३ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या चित्राचे नूतनीकरण झाले नसेल तर ते मुक्त झालेले आहे. वृत्तपत्रांच्या जुन्या प्रिंटच्या पाठीवर डकवलेले कात्रण आणि शिक्के याच कामी जपावेत. त्यांवर एकाहून अधिक तारखा असतील तर नंतरच्या बहुधा पुनर्मुद्रणाच्या असतात आणि सर्वांत जुनी तारीख प्रथम प्रसिद्धीची. ठिकाण नक्की झाल्यावर स्कॅनची प्रत, कारणांच्या नोंदीसह, त्या काउंटीच्या इतिहास मंडळाकडे किंवा सार्वजनिक ग्रंथालयाकडे पाठवावी. पाटीवरच्या दुकानदाराचे आडनाव ओळखणारे माणूस भेटण्याची शक्यता तिथेच सर्वाधिक असते.